कोल्हापुरात रामेन: सूप जमलं, नूडल्स जमेनात, आणि गल्लीत आठ खुर्च्यांचं दुकान चालंल का?

शिरोलीकर_८८

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सवडीनं वाचा पण उत्तर द्या.

मी तीन वर्षं जपानात होतो, नागोयाच्या बाजूला एका कास्टिंग कंपनीत. दिवाळीच्या आधी परत आलो, आता शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. तिथं आमच्या रूमपासनं चालत पाच-सात मिनिटांवर एक रामेनचं, म्हणजे सुपातल्या नूडल्सचं, दुकान होतं, आणि दुकान म्हणजे केवढं तर पापाच्या तिकटीला चपलांचं दुकान असतंय ना तेवढं, आत आठ खुर्च्या, आठच्या आठ एका ओळीत लाकडी कट्ट्याला लावलेल्या, पलीकडं म्हातारा सूप-नूडल्स बघणार आणि त्याची बायको पैसे घेणार, भांडी धुणार. सगळी त्याला ताइशो म्हणायची, आपण खानावळीच्या मालकाला मामा नाहीतर अण्णा म्हणतो तसंच. रोज एकच पातेलं सूप. संध्याकाळी साडेपाचला दारावर कापडी पडदा लागायचा, त्याला नोरेन म्हणतात, आणि सूप संपलं की पडदा आत. मग साडेआठ वाजलेले असू देत नाहीतर साडेसात. बाहेर उभ्या माणसाला वाकून माफी मागायचा आणि दिवा बंद.

मी डुक्कर खात नाही. पहिल्या दिवशी भाषा येत नव्हती, वाडग्यात वर डुकराच्या मटणाच्या चकत्या होत्या त्या मी गपचूप बाजूला काढून ठेवल्या. म्हातारा काय बोलला नाही. दुसऱ्या खेपेला गेलो तर माझ्या वाडग्यात त्या जागी कोंबडीचा तुकडा. मी मागितलेला नव्हता. त्याचं सूप तसंही कोंबडीचं आणि सुक्या मासळीचं, त्यामुळं चालून गेलं, आणि पुढं तीन वर्षं मी खुर्चीत बसलो की न विचारता कोंबडी पडायची. शेजारी एक टॅक्सीवाला बसायचा त्याला कांदापात डबल, एक आजी यायच्या त्यांना नूडल्स निम्म्या, कुणीच तोंडानं सांगायचं नाही. एकदा मला ताप आला, आठवडाभर गेलो नाही, नंतर गेलो तर त्या काकूंनी पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता स्वतःच्या कपाळाला हात लावून खुणेनं विचारलं, बरं वाटतंय का आता. घरापासनं इतक्या लांब आपल्याला असं कोण विचारतंय हो.

नागोयाचं म्हणून तैवान रामेन पण आहे, खिमा, लसूण आणि लाल मिरची, तिखटजाळ, नाव तैवानचं पण जन्म नागोयाचाच. आपल्या जिभेला ते बसतंय. पण मला पाहिजे ते म्हाताऱ्याचं साधं शोयूचं, सोया सॉसवालं.

तर गेले चार रविवार घरी प्रयोग चालू आहेत. कोंबडीचे पंजे, माना, पाठीचे सापळे आणून सूप केलं, त्यात डोकी काढलेली सुकी मांदेली घातली, ते बऱ्यापैकी जवळ गेलं. नूडल्सनी मात्र जीव काढलाय. मैद्याच्या घरी केल्या तर सुपात पडल्या पडल्या फुगून वरणफळं झाली, पाकिटातल्या हक्का नूडल्स घातल्या तर चावताना ती दाताखालची ओढच नाही. काय चुकतंय? आणि आपल्या मटणाच्या अळणीवर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर, रामेन होईल का, कारण पांढरा रस्सा आणि ते पांढरं रामेन दिसायला सख्खे भाऊ वाटतात?

आणि एक मनातलं. निघताना म्हातारा म्हणाला की माझ्यानंतर हे बघणारं कोण नाही. तेव्हापासनं डोक्यात घोळतंय की आपल्या राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत असं आठ खुर्च्यांचं दुकान काढावं. बायको म्हणते आधी नूडल्स तर जमू देत. बरोबर आहे तिचं.

हाकाता_ते_हातकणंगले

भावा तुझी पोस्ट वाचून बरं वाटलं. मी फुकुओकात सहा वर्षं आहे, मूळ गाव हातकणंगले.

आधी नूडल्स. तुझ्या पिठात कान्सुई नाही, एवढीच गोष्ट आहे. कान्सुई म्हणजे क्षाराचं पाणी, सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट. त्यानं ग्लूटेन, म्हणजे मैद्यातला चिवटपणा, घट्ट होतं, नूडल सुपात लवकर मऊ पडत नाही, आणि तो पिवळसर रंग येतो तो पण त्याचाच, बऱ्याच जणांना वाटतं अंडं घातलंय. घरी करायला सोपं आहे: खायचा सोडा ताटात पसरून ओव्हनला १२०-१३० डिग्रीवर तासभर भाजायचा, वजन साधारण एक तृतीयांश घटतं, म्हणजे बायकार्बोनेटचं कार्बोनेट झालं. उरलेली पावडर हवाबंद बरणीत ठेव आणि हात लावू नको, साध्या सोड्यापेक्षा तिखट असते, कातडीला झोंबते. २५० ग्रॅम मैद्याला ही पावडर अडीच ग्रॅम, मीठ अडीच ग्रॅम, पाणी ९५ ते १०० ग्रॅम. पाणी कमी वाटेल, पीठ गोळा होणार नाही, रवाळ भुगा होईल, आणि तसाच व्हायला पाहिजे. तिथं घाबरून पाणी वाढवलंस की झाली परत वरणफळं. भुगा प्लास्टिकच्या पिशवीत अर्धा-एक तास ठेव, मग पिशवीवरनंच पायानं तुडव, लाटून घडी घाल, परत लाट, असं चार-पाच वेळा. मग कापायचं. शेवयाच्या साच्यातनं दाबून काढू नको, रामेन लाटून कापलेलंच असतं, त्या घड्यांनीच ती ओढ येते. आणि उकळायचं भरपूर साध्या पाण्यात, मिनिट-दीड मिनिट, सुपात कधीच नाही.

आता पांढऱ्याचं. इथलं तोनकोत्सु, म्हणजे डुकराच्या हाडांचं, रामेन आमच्याच फुकुओका प्रांतातल्या कुरुमे गावात १९३७ साली एका गाड्यावर सुरू झालं, आणि आत्ताचं दुधासारखं पांढरं सूप त्यानंतर काही वर्षांनी पातेलं चुकून जास्त उकळलं म्हणून झालं असं इथं सांगतात. ते पांढरं कसं होतं तर हाडं तासन् तास खळाखळा उकळायची, हाडातनं जिलेटिन सुटतं आणि चरबीचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतं. आपला पांढरा रस्सा पांढरा होतो नारळाच्या दुधानं, खसखस, तीळ, काजूनं. आणि उलट नारळाचं दूध पडलं की खळाखळा उकळायचंच नाही, फुटतं. म्हणजे दिसायला भाऊ, पण एकाला जी उकळी लागते ती दुसऱ्याला मारते. डुक्कर नको असेल तर इथं तोरी पाइतान असतं, तीच रीत पण कोंबडीची. कुकरला लावलंस तर शिट्ट्या झाल्यावर झाकण काढून मोठ्या आचेवर उकळ नाहीतर ब्लेंडर फिरव, कारण बंद कुकरमध्ये घुसळण होत नाही, सूप पांढरं होत नाही. पण तुला म्हाताऱ्याचं शोयूवालं पाहिजे ना, मग त्याच्या उलट कर, मंद आच, वरचा फेस काढत राहायचा, सूप नितळ राहिलं पाहिजे.

अळणीवर होईल, पण हळद आणि मीठ न घालता शिजव. पातेल्यातल्या सुपात मीठ नसतंच. मीठ-सोया-चवीचा जो अर्क असतो त्याला तारे म्हणतात, तो वाडग्याच्या तळाशी आधी घालायचा, त्यावर चमचाभर वासाचं तेल, मग गरम सूप, मग नूडल्स. सुक्या मांदेलीची तुझी आयडिया चांगली आहे, इथं निबोशी म्हणून तशीच बारीक मासळी वापरतात, डोकं आणि पोट काढून, नाहीतर कडवट होतं. फक्त निबोशी आधी उकळून मग वाळवतात, आपली खारवलेली असली तर धुवून घे. जमलं तर कोंबू नावाचं समुद्री शेवाळ मागव, नाहीतर वाळलेले शिताके मशरूम. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबूतनंच ग्लूटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी म्हटलं. शेवाळाचं ग्लूटामेट आणि मासळीतलं तसंच चव देणारं इनोसिनेट एकत्र आलं की चव दोघांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ वर जाते, म्हणून एकट्या कोंबडीवर ते कधी उभं राहत नाही.

पापडवाल्या_काकू

पोरा, मी तीस वर्षं उडदाचे पापड करतो. तो क्षार क्षार म्हणताय तो आमच्या पापडखाराचाच भाऊबंद दिसतोय. पीठ पण तुम्ही सांगताय तसंच, आमचं पापडाचं पीठ इतकं घट्ट असतंय की हातानं मळून भागत नाही, कुटायला लागतंय, आणि कुटून झालं की ओल्या फडक्यात झाकून ठेवायचं. नव्या बायका नेमकं हितंच पाणी घालतात आणि पापड बिघडवतात.

खार जास्त झाला तर पापड तळल्यावर लाल पडतोय आणि जिभेला साबणासारखं लागतंय. तुझ्या नूडल्सचं पण तेच होणार. खार कोरडा पिठात टाकू नको, आधी पाण्यात विरघळवून, गाळून, मग ते पाणी पिठात. आणि पाणी कुठलं वापरतोस रं? आमच्या बोअरच्या पाण्याचे पापड आणि नळाच्या पाण्याचे पापड, दोन्ही मी डोळं मिटून ओळखतो.

हाकाता_ते_हातकणंगले

काकू एकदम बरोबर, विरघळवूनच घालायचं, मी लिहायचं विसरलो. फक्त पापडखारात काय किती आहे ते पुडीगणिक बदलतं, म्हणून पहिल्यांदा भाजलेला सोडा वापरा म्हणजे माप हातात राहील.

खानावळ_राजारामपुरी

माझी खानावळ आहे, बावीस वर्षं झाली. धंद्याचं तेवढं बोलतो, कारण पोरगं मनापासनं विचारतंय.

पहिली गोष्ट गॅस. मटणाचा रस्सा आम्ही दीड-दोन तासात उतरवतो. तुमचं सूप पाच-सहा तास चालणार, त्यात नूडल्सच्या पाण्याचं पातेलं सारखं उकळतं ठेवायचं, म्हणजे दोन बर्नर कायम. दुसरी गोष्ट वार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी माणसं, संकष्टी, अख्खा श्रावण, नवरात्र. शुक्रवार अंबाबाईचा म्हणून न खाणारी घरं पण पुष्कळ. वर्षातनं निम्मे दिवस तुझं कोंबडीचं सूप थांबणार आणि भाडं मात्र चालू. तिसरी गोष्ट, आणि मला हीच सगळ्यात मोठी वाटते, पार्सल. आपल्याकडं जेवण घरी न्यायची सवय आहे, डबा घेऊन येतात, रस्सा वेगळा बांधून नेतात, त्यात काय वाईट नाही, रस्सा घरी जाऊन परत तापवला तरी तोच राहतोय. तुझ्या नूडल्स वाटेत दसरा चौक येईपर्यंत फुगणार. मग तो माणूस म्हणणार बेचव आहे, आणि चूक तुझी नसताना नाव तुझं जाणार. पार्सल नाही असं पाटीवर लिहायची छाती असली तरच ह्यात पड.

आता दुसरी बाजू पण सांगतो. आठ खुर्च्या आणि सूप संपलं की बंद, हे कोल्हापूरच्या माणसाला समजवायला लागणार नाही. उद्यमनगरात फडतरेंच्या मिसळीला माणसं सकाळी जाऊन थांबतात, बावड्याला जातात, खासबागेत जातात, आणि संपलं म्हटलं की भांडत नाहीत, उद्या लवकर येतात. गंगावेशीला म्हैस पिळून समोर ग्लास देतात तिथं पण तसंच, म्हशीनं जेवढं दिलं तेवढं. लोकांना थोडक्यातलं आणि ताजं कळतंय. न विचारता ओळखणं पण कळतंय. माझ्याकडं एक मास्तर येतात, आले की मी पांढरा आधी पाठवतो आणि तांबडा भाकरी निम्मी झाल्यावर, अठरा वर्षं असंच चाललंय, एकदा नवीन पोरानं दोन्ही एकदम नेऊन ठेवलं तर मास्तर काय बोलले नाहीत पण जेवले पण नाहीत नीट. मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आलो त्यांच्या.

माझा सल्ला, नोकरी सोडू नको. बुधवारी संध्याकाळी माझ्या खानावळीला सुट्टी असते. महिनाभर चार बुधवार माझ्या चुलीवर कर, बारा वाडगी, त्याच्यावर एक नाही. गॅस आणि कोंबडीचे पैसे दे, भाडं नको. महिन्यानं आपण दोघं बसून हिशोब मांडू.

मंगळवार_पेठ

शिरोलीकर, म्हातारा म्हणाला ना की माझ्यानंतर कोण नाही. त्यावरनं आठवलं म्हणून लिहितो. टोकियोत काझुओ यामागिशी म्हणून होऊन गेले, हिगाशी-इकेबुकुरोला त्यांचं ताइशोकेन १९६१ साली सुरू झालं. नूडल्स वेगळ्या आणि सूप वेगळं, बुडवून खायचं, ते त्सुकेमेन लोकांपर्यंत नेणारा हा माणूस. एवढी रांग लागायची, पण शिकायला येईल त्याला त्यांनी शिकवलं, कृती लपवून ठेवली नाही. २००७ साली ती जागा पुनर्विकासात गेली, दुकान बंद झालं, २०१५ साली ते वारले, पण शिष्यांची दुकानं जपानभर चालू आहेत. आपल्या तालमीत वस्ताद पठ्ठ्यांना डाव देतो तसं. तू त्या म्हाताऱ्याला विचारलंस का? का नुसतं आठवणीवरनं करतोयस? आम्हाला विचारण्याआधी त्याला विचार की भावा.

वाशी_नाका

काटा किर्र विषय आहे. मला रामेनमधलं काय कळत नाही पण ती माणसं सूप ओरपून भुरका मारत खातात असं ऐकलंय, खरं असलं तर आपल्याकडं शिकवायला लागायचं नाही. बुधवारी माझी एक खुर्ची धरा.

शिरोलीकर_८८

सगळ्यांचे मनापासनं आभार. अकरा दिवसांनी लिहितोय कारण करून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं.

नूडल्स जमल्या. सोडा भाजला, पाण्यात विरघळवून गाळून घातला, भुगा झाला तरी पाणी वाढवलं नाही. तुडवायचं काम पोरीनं केलं, तिला ते फार आवडलं. पहिल्या घाण्याला लाटण्यानं जाड झाल्या, दुसऱ्या घाण्याला शेजारच्यांकडनं पास्त्याचं मशीन आणलं आणि मग दीड मिनिटात बाहेर काढून खाल्ल्या तर ती ओढ आली. बायकोनं दुसरं वाडगं मागितलं, हे चार रविवारात पहिल्यांदा. भुरका पण खरा आहे, तिथं आवाज करून खाल्लं तर कोण वाईट बघत नाही, गरम नूडल थंड व्हायच्या आत संपवायची असते.

मंगळवार पेठवाल्या दादांचं वाक्य मनाला लागलं. खरंच मी विचारलं नव्हतं, मला वाटलेलं कुणाच्या धंद्याचं गुपित कसं मागायचं. माझा रूम पार्टनर अजून तिथंच आहे, त्याला म्हटलं जाऊन सांग की कोंबडीवाला पोरगा घरी रामेन करतोय. त्यानं दुकानातनंच व्हिडिओ कॉल लावला. म्हातारा कट्ट्याच्या पलीकडं तसाच, डोक्याला पंचा बांधलेला. मी माझं वाडगं कॅमेऱ्यात दाखवलं, त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला तेल जास्त झालंय. मग काकूंनी विचारलं कोंबडीच घालतोस ना.

कृती मी मागितली. त्यानं तारेचं माप सांगितलं, काही लपवलं नाही, पार्टनरनं लिहून घेतलं. आणि सांगितलं की चव पातेल्यात बघू नको, वाडग्यात बघ, सगळं एकत्र पडल्यावर, आणि ती पण पहिल्या घोटाला नाही, शेवटच्या घोटाला बघ, कारण माणूस उठताना तीच चव घेऊन जातो. मग त्यानं मलाच एक प्रश्न विचारला. तुमच्याकडं पाणी कसलं आहे?

मला लगेच काकू आठवल्या. आमच्याकडं दोन्ही आहे, बोअर आणि नळ, आणि मी चारही रविवार बोअरचंच वापरलं होतं कारण टाकीला तेच येतंय. तो म्हणाला जड पाण्यात शेवाळ आणि मासळीची चव नीट सुटत नाही, हलकं पाणी घे. काल नळाचं पाणी भरून ठेवलं, आज त्याच कोंबडीचं, त्याच मापानं, दोन पातेली लावली. पोरीला सांगितलं नव्हतं कुठलं कुठलं आहे. तिनं नळाचंच उचललं. काकू, तुमच्या पापडांच्या एक किलोची ऑर्डर पण लिहून घ्या.

खानावळवाल्या अण्णा, येत्या बुधवारी चारला येतो, कोंबडीचे सापळे आणि नळाच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन. बारा वाडगी. पार्सल नाही. हिशोबाची वही मी आणतो.

खानावळ_राजारामपुरी

चारला नको, तीनला ये. सूप पाच तासाचं म्हणतोस आणि माणसं आठला येणार. चूल मी पेटवून ठेवतो. मास्तरांना पण सांगितलंय.

पापडवाल्या_काकू

मी येतो. पण पोरा, मला नूडल्स निम्म्या.